शेवटच्या फेरीत बंद पडणारं मशीन

आमच्या नात्यागोत्यात मला 'रडी' म्हणतात. म्हणजे माझा भाऊ म्हणतो, आणि तो म्हणतो म्हणून बाकीचे म्हणतात. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, हायस्कूलला विज्ञान शिकवते, वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पाय खाली घेतात. पण मावशीकडं बारशाला गेलं, की चप्पल काढायच्या आत कुणीतरी म्हणणारच, 'आली बघा रडी.' कारण काय, तर आठ वर्षांची असताना हरायला आल्यावर मी कॅरमचा बोर्ड उलथवला होता. एकदाच. सोंगट्या चहूकडं उधळल्या, राणी मोरीत गेली, आणि दादानं गल्लीभर बोंब ठोकली की ही रडीचा डाव खेळते. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बोर्ड उलथवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही, कारण तो कायम जिंकायचा.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. कुठल्याही खेळात, शेवटपर्यंत खेळून, त्याला हरवायचं, आणि 'हरलो' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायचा. लोक हसतील. हसू देत. माणसं याहून फालतू गोष्टींच्या मागं जन्म घालवतात.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो दादाच्या कॉलेजसाठी. आईनं मला आधीच बजावलं, 'त्याच्या अभ्यासाचं हाय त्ये. तू हात लावू नगंस, बिघडंल.' दादा त्याच्यावर अभ्यास कमी करायचा आणि शर्यतीच्या गाड्या जास्त पळवायचा. मी मागं स्टुलावर बसून त्याच्या मानेकडं बघत राहायची. मान डावीकडं झुकली की वळण डावीकडं आलं, एवढं मला कळायचं. माझ्या वाट्याला दहा मिनिटं यायची, तीही त्याला चहा प्यायचा असेल तेव्हा. पुढं तो इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, कॉम्प्युटरही घेऊन गेला. मी इथंच कोल्हापुरात राहिले. लग्न केलं नाही, कसबा बावड्यात उसाच्या रानाला लागून नवी घरं झाली त्यात एक घर घेतलं, आणि वडील गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. पुण्यात तिला करमत नाही. पण तिचा जीव मात्र पुण्यातच असतो, हे मला रोज दिसतं.

दोन वर्षांपूर्वी मी माझं स्वतःचं कॉम्प्युटरचं मशीन घेतलं. सगळ्यांना सांगितलं, शाळेच्या कामासाठी. दुकानदाराला तेवढं खरं सांगितलं, 'गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालला पाहिजे, अडखळता कामा नये.' मग वर्षभर कुणाला न सांगता सराव केला. शाळेतून यायचं, चहा घ्यायचा आणि तासभर बसायचं. वळणाच्या आधी ब्रेक कधी मारायचा, मारलेला कधी सोडायचा, पुढच्याच्या आतल्या बाजूनं कसं घुसायचं, सगळं वहीत लिहून काढलं. बोटांना घट्टे पडले. वर्षभरानं दादाला मेसेज टाकला, 'माझ्याबरोबर शर्यत लावतोस का?'

त्यानं हसण्याची सहा तोंडं पाठवली आणि खाली लिहिलं, 'ये की.'

मग दर रविवारी दुपारचं मटणाचं जेवण झालं, की तीनला आम्ही बसायचो. तो पुण्यात, मी बावड्यात, फोन स्पीकरवर. पाच फेऱ्यांची शर्यत, साधारण पंचवीस मिनिटांची. पुण्यात गेल्यापासून त्याला माझ्या बोलण्याचंही हसू येतं. मी म्हटलं, 'आज मी जिंकतो बघ', की तो म्हणणार, 'अगं जिंकते म्हण, जिंकते. बाई आहेस तू.' आमच्याकडं बायका असंच बोलतात. हा त्यातच वाढला, आईच्या तोंडून तेच ऐकत मोठा झाला, आणि आता मला व्याकरण शिकवतो. लिहिताना मी 'जिंकते' लिहीन, पण तोंडात 'जिंकतो' येतं आणि येणार.

पहिल्या काही रविवारी तो जिंकला. थोडक्यात जिंकला, आणि ते त्यालाही कळत होतं, कारण त्याची बडबड दर आठवड्याला कमी होत गेली. मग दिवाळीनंतरचा एक रविवार आला. चौथ्या फेरीला मी त्याच्या पुढं गेले. पाचव्या फेरीत तो मागच्या आरशात दिसेनासा झाला. शेवटची तीन वळणं उरली होती.

आणि स्क्रीन काळी झाली. खोक्यातल्या पंख्याचा आवाज थांबला. दोन-तीन सेकंदांनी मशीन आपलं आपण पुन्हा सुरू झालं, काही झालंच नाही अशा थाटात.

'कुठं गेलीस गं?' फोनमधून दादा.

'मशीन बंद पडलं.'

'बंद पडलं का बंद पाडलंस?'

मी काही बोलायच्या आत तो हसायला लागला. 'हरायला आलीस म्हणून प्लग उपटलास ना? रडी ती रडीच.' हरायला मी आले नव्हते, तो आला होता. पण शर्यतीत निम्म्यातून जो गेला तो हरला, असा त्या गेमचा नियम. पाच मिनिटांत घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज, 'बाईंनी पुन्हा बोर्ड उलथवला.' त्याखाली मावशी, मामेभाऊ, चुलतबहिणी, सगळ्यांची रडणारी तोंडं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आई तिथंच कॉटवर बसून वाटाणे सोलत होती. रविवारी ती त्या खोलीतून हलत नाही, कारण फोनवर दादाचा आवाज असतो. म्हणाली, 'जाऊ दे की. हरलीस तर हरलीस.'

'मी हरलो न्हाय, आई. मशीन बंद पडलं.'

'आता तो खोटं कशाला बोलंल?'

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिन्ही वेळा मी पुढं होते, तिन्ही वेळा पाचवी फेरी, आणि तिन्ही वेळा काळी स्क्रीन. एरवी मशीन अगदी गुणी. मार्कलिस्टा करा, प्रश्नपत्रिका काढा, आईसाठी चार-चार तास कीर्तनं लावून ठेवा, काही होत नव्हतं. शर्यत लावली की दगा. एक वेळ अशी आली, की हे मशीन दादाच्या बाजूचं आहे असं मला वाटायला लागलं. त्याला लाथ घालावी इतका राग यायचा. एकदा घातलीही, नखाला लागलं.

पण मी पोरांना शिकवते काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते लिहायचं. मी नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'याला सोडायचं नाही.' याला म्हणजे बिघाडाला का दादाला, ते लिहिलं नाही.

आधी लाईटवर संशय घेतला. वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घेतलं. तो म्हणाला, 'अर्थिंग झकास हाय, मॅडम.' मग मधला यूपीएस काढून मशीन थेट भिंतीला लावलं. सराव लावला, एकवीस मिनिटांनी बंद. मग स्क्रीनवरचं चित्र काढणारं जे कार्ड असतं, त्याचं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं. तेवीस मिनिटं. मग गेमच पुसून पहिल्यापासून घातला, सगळी रात्र... नाही, रात्र कशाला, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर बसले ते दिवेलागणीला उठले. एकवीस मिनिटं. मग खोक्याची बाजूची पत्र्याची फळी काढली, मेमरीची पट्टी उपसली, शिसपेन्सिलीच्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासले आणि परत बसवली. हा आपल्याकडचा ठरलेला उपाय, दहातल्या आठ मशीनांना लागू पडतो. माझं नववं निघालं.

ही फळी काढली तेव्हा मला आत काजळी दिसली होती. पण तिकडं माझं लक्ष गेलं नाही. आमच्याकडं उसाला तोड आली, की मागं राहिलेलं पाचट पेटवतात, आणि मग चार महिने काळी राख तरंगत येऊन सगळ्यावर बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, खिडकीच्या गजांवर. काजळी बघायची डोळ्यांना इतकी सवय, की ती आहे हे दिसतच नाही.

शेवटी मशीन रिक्षात घालून राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार माझ्याच वयाचा, कपाळावर चष्मा चढवलेला. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यानं वही बाजूला सारली आणि विचारलं, 'गेम कोण खेळतंय घरात? मुलगा का?'

'मी.'

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन मला एकदा बघितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, तीही वळली. दोन दिवसांनी त्याचा फोन, 'मॅडम, मशीन एकदम ओके. चार तास गेम लावून ठेवला, काही झालं न्हाई. तुमच्या घरची लाईट बघा. न्हायतर तुमचा हात कुठं लागत आसंल.'

माझा हात. दादाचंही तेच म्हणणं, याचंही तेच. मी मशीन घरी आणलं, बसवलं, शर्यत लावली, आणि बावीस मिनिटांनी ते बंद पडलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ दुकानात गेले आणि त्याची शोभा केली. 'तुम्ही मशीन उघडून तरी बघितलं का? का बाईमाणूस बघून नुसतं दोन दिवस शेल्फात ठेवलं?' असं आणि बरंच काही, वर्गातल्या आवाजात. बाहेरची पानाची टपरी ऐकायला थांबली. दुकानदार म्हणाला, 'मॅडम, देवाशप्पथ चार तास चालवलंय.' मी म्हटलं, 'तुमच्या दुकानाचं नाव मी अख्ख्या कोल्हापुरात करतो, बघा.' घरी येताना मला फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी खाली बघायला लावलं होतं.

त्याच्या दुकानात चालतं आणि माझ्या घरात चालत नाही. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. दुकानदार खोटारडा, म्हणून ते वाक्य खोटं, असं मी धरून चालले. तिथंच माझं चुकलं. रागानं माणूस आंधळा होतो हे मी पोरांना सांगत नाही, कारण ते विज्ञानात येत नाही, पण सांगायला हवं.

मग एका मंगळवारी काय झालं. शाळेतून आले, सरावाला बसले, आणि रविवारचा अपमान डोक्यात घेऊन एकामागून एक शर्यती लावत गेले. घड्याळाकडं बघितलं तर दोन तास दहा मिनिटं झाली होती. मशीन चालूच. मी खुर्चीतून उठले. वहीत आठवडाभर काय बदललं ते बघितलं, काहीच बदललं नव्हतं. सॉकेट तेच, गेम तोच, खुर्ची तीच. बुधवारी पुन्हा बसले आणि बावीस मिनिटांत बंद पडलं.

मंगळवारी काय वेगळं होतं? मी खोलीत चारी बाजूंनी बघितलं. आई कॉटवर बसून टीव्हीच्या झालरीला टाके घालत होती. आणि माझी नजर मशीनवर गेली.

आमच्या घरात उघडं काही नसतं. मिक्सरला कापडी टोपरं, टीव्हीला झालर, फ्रिजच्या मुठीला बाही, गॅसच्या टाकीला घागरा. आईनं ते सगळं जुन्या साड्यांतून शिवलंय, काजळी बसू नये म्हणून. मशीन आल्यावर तिनं त्याच्या खोक्यालाही तिच्या जुन्या इरकलीचा झगा शिवला होता. वर बंद, दोन्ही अंगांनी बंद, मागं तारांपुरती फट, पुढं पडद्यासारखा पदर. पदर उचलायचा, बटण दाबायचं, पदर सोडायचा. पावसाळ्यात तो घडी करून कपाटात असायचा. दिवाळी झाली, रानं पेटायला लागली, की तिनं तो चढवला. दुकानात नेताना मी तो काढून कॉटवर टाकला होता. परत आणल्यावर तिनं चढवला. फळी काढली की मी तो काढायची, फळी लावली की तो चढायचा. आणि सोमवारी तिनं तो धुवायला काढला होता. मंगळवारी तो अंगणात दोरीवर वाळत होता.

मी शिकवते विज्ञान. गरम हवा वर जाते, हे मी सातवीच्या पोरांना मेणबत्ती लावून दाखवते. आणि माझ्या नाकासमोर मशीन महिनाभर दोन पदरी इरकलीत गुदमरत होतं. शर्यत लावली की ते तापायचं, ताप बाहेर पडायला जागा नसायची, आणि जळून जाऊ नये म्हणून ते बिचारं स्वतःच बंद व्हायचं. इतर कामाला तेवढं तापतच नव्हतं. खात्री करायला झगा काढला, एक तास चालवलं, चाललं. झगा घातला, बावीस मिनिटं. ते वहीत लिहिलं आणि वही आपटून मिटली.

आईला विचारलं, 'ह्ये कुणी घालायला सांगितलंतं तुला?'

'काजळी बसती की. बग तरी, किती काळं हुतंय सगळं.'

तिचं चुकलं म्हणावं तर तेही नाही. फळी काढून नीट बघितलं तर आतल्या पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या जाळीवर काजळीचा बोटभर थर होता, काळी लोकर साठल्यासारखा. चित्रकलेच्या ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं मी तो एक अख्खी दुपार बसून काढला. म्हणजे काजळीही खरी आणि झगाही खरा; आदल्या हिवाळ्यात मशीन नवं होतं, आत काजळी नव्हती, म्हणून झग्यातही निभावलं होतं. पण मला कुणावर तरी सूड उगवायचा होता, आणि हाताशी झगाच होता. त्याच्या शिवणी उसवल्या, चार तुकडे केले आणि ते स्कूटी पुसायला ठेवले. आईनं सकाळी मला तिच्या इरकलीनं चाक पुसताना बघितलं. दोन दिवस माझ्याशी फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलली. दुरुस्तीवाल्याची माफी मागायला मी गेले नाही. अजूनही राजारामपुरीत गेले की पलीकडच्या फुटपाथनं जाते.

दादाला मेसेज टाकला, 'मशीन दुरुस्त झालं. रविवारी तीन वाजता. यावेळी बंद पडणार नाही.'

त्यानं उत्तर मला दिलं नाही, ग्रुपवर दिलं. 'एका अटीवर. फोनचा कॅमेरा प्लगकडं लावायचा. म्हणजे बाईंचा हात कुठं जातो ते मला दिसेल.' खाली मावशीनं लिहिलं, 'बरोबर हाय.' मामेभावानं अंगठा दाखवला. चोर पकडायला कॅमेरा लावतात, तसा माझ्याच घरात मी लावायचा. दात-ओठ खात मी लिहिलं, 'लावतो.' 'लावते' नाही. मुद्दाम.

रविवारी जेवण झालं. मी टेबलाच्या बाजूला स्टूल ठेवलं, त्यावर साखरेचा डबा, आणि डब्याला फोन टेकवून उभा केला. मागचा कॅमेरा भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डाकडं. दादाला विचारलं, 'दिसतंय का बटण?'

'झकास दिसतंय. लाल दिवासुद्धा दिसतोय.'

आई नेहमीसारखी कॉटवर वाटाणे सोलत होती. कॅमेऱ्याचं तिला काही सांगितलं नाही. तिच्या लेखी व्हिडिओ कॉल म्हणजे फोन तोंडासमोर धरायचा आणि ओरडून बोलायचं. आमच्याकडं पाठ करून उभा असलेला फोन म्हणजे नुसता बोलायचा फोन.

पहिली फेरी तो पुढं होता. 'काय गं, गाडी ढकलायला येऊ का?' दुसरीत मी त्याला चिकटले. तिसरीला, ज्या वळणासाठी मी वर्षभर बोटं झिजवली होती, त्या वळणाला आतून घुसले आणि पुढं गेले. तो म्हणाला, 'आता बघ.' चौथी फेरी संपताना तो इतका मागं राहिला की रस्ता मोकळा दिसायला लागला. मग त्याचं सुरू झालं. 'नेट नीट न्हाय आज. ह्याचा ब्रेकच लागंना. जरा थांब की गं, काहीतरी अडकलंय.' पुण्याचं व्याकरण कुठल्या कुठं गेलं. आवाज बारीक झाला, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. मी थांबले नाही. मला तो आवाज आणखी ऐकायचा होता. पाचवी फेरी, अर्धी झाली. मी हात टेकवून मशीनचा पत्रा बघितला, कोमटसुद्धा नव्हता. दोन वळणं उरली.

स्क्रीन काळी झाली.

पहिल्यांदा माझा हात मशीनवरच गेला. थंड होतं. मग मी मान वळवली. आई बोर्डाशी उभी होती. तिचं बोट अजून बटणावर होतं.

फोनमधून हसू आलं नाही. 'रडी' आलं नाही.

'आई,' दादा म्हणाला. 'तू बंद केलंस?'

आई दचकली. तिनं फोनच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'त्याला कसं कळलं?'

'त्याला दिसतंय,' मी म्हटलं. 'आता तूच सांग त्याला.'

तिनं बोट काढलं आणि पदराला पुसलं. 'तू हरत हुतास की रं बाळा,' ती फोनकडं तोंड करून म्हणाली. 'लई मागं पडलातास. तुझा आवाज कसा झालता. मला ऐकवंना बघ.'

सत्तेचाळिसाव्या वर्षात असलेला माझा भाऊ, ज्याच्या हाताखाली म्हणे चाळीस माणसं काम करतात, तो म्हणाला, 'आई, गेम हाय गं तो.' मग मला म्हणाला, 'बारके, हरलो मी.'

छत्तीस वर्षं मला हा शब्द हवा होता. तो आला, स्पष्ट ऐकू आला, त्यात हसू नव्हतं की टोमणा नव्हता. खरं तर मी उठून नाचायला हवं होतं. पण मी आईकडं बघत होते. ती वाटाण्याची टरफलं ताटात गोळा करायला लागली होती.

'आई,' मी विचारलं, 'मी हरत असतो, तर? तवा बटण दाबलं असतंस?'

मी हे चिडून विचारलं. टोचायला विचारलं. तिला लाज वाटावी, तिनं खाली बघावं, म्हणून विचारलं. पण आई खोटं बोलत नाही. तिनं हातातलं ताट खाली ठेवून खरंच विचार केला.

'तुला कशाला?' ती म्हणाली. 'तुला हरायची सवय हाय की.'

असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, झग्याचाही नव्हता. फोन अजून चालूच होता आणि दादानंही ते ऐकलं होतं.